बातमीनंतर भागाबाई

वाळत घातलेल्या मिरचीवर हिवाळ्याचं ऊन पडलं की जमिनीतून लाल उजेड वर येतो. तो हनुवटीवर पडतो, नाकाच्या शेंड्यावर पडतो, आणि त्या उजेडात माणसाचं वय नीट कळत नाही. भागाबाई मला आठवते ती अशीच, खालून उजळलेली. नंदुरबारबाहेरच्या त्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या उघड्या मैदानावर, आम्ही वीस-बावीस बायका देठ खुडत बसायचो. सगळ्यांचे देठ तुटताना पत्र्यावर बारीक खडे पडल्यासारखा आवाज व्हायचा. त्यात तिचा आवाज वेगळा ओळखू यायचा, कारण तो मधेच थांबायचा. थांबला की समजायचं, बातमी तिला लागली.

ती माझी थोरली जाऊ. मी तिला जीजी म्हणायचे. तिला अक्षर येत नव्हतं, मी चौथीपर्यंत शिकलेली. म्हणून पेपर मी वाचायचा आणि उत्तर तिने द्यायचं, अशी आमची वाटणी होती. घरात भांड्यांची वाटणी झाली, शेताची झाली, दोन्हींत आम्ही भांडलो. या वाटणीत कधी भांडण झालं नाही.

वाचताना माझे हात थांबत, आणि मजुरी तर खुडलेल्या मिरचीच्या वजनावर. पहिल्याच दिवशी भागाबाईने आपल्या ढिगातली एक मूठ माझ्या टोपलीत टाकली आणि बाकीच्यांकडे पाहिलं.

"काय दखतस? वाचनारनं पोट काय पेपरवर भरस?"

मग प्रत्येकीने एक एक मूठ टाकली. तेव्हापासून तो रिवाजच पडला. पेपर उघडला की माझ्या टोपलीत मुठी पडायच्या आणि लाल धूळ उडायची. दोन शिंका आल्या की जगाची खबर सुरू व्हायची.

लोक म्हणतात, अडाणी बाई बातमीला हळहळते. भागाबाई हळहळत नव्हती. ती बातमीला उभं करून जाब विचारायची. मोठ्या देशांचे पुढारी हात मिळवताना फोटोत दिसले की ती कागद जवळ ओढून विचारायची, "याना घरमा भाकरी कोन टाकस?" मला माहीत नसायचं. "पेपरवालानी इचारं नही का?" नाही विचारलं, असं मी सांगायचे. "मंग काय इचारं त्यानी?" त्यांनी बाकी सगळं विचारलेलं असायचं, आणि ते तिच्या कामाचं नसायचं.

एकदा एकाच पानावर दोन बातम्या होत्या. वरती, पावसाळ्यात चंद्रावर उतरलेल्या आपल्या यानाची नवी खबर. खालच्या कोपऱ्यात, सातपुड्यातल्या एका पाड्यावरची अडलेली पोर बांबूच्या झोळीतून दवाखान्याकडे नेत होते, ती वाटेतच गेली. मी दोन्ही वाचल्या. देठांचा आवाज थांबला. वारा मिरचीवरून सरकला आणि सगळ्या खोकलो.

"चांदवर पोचनात," भागाबाई म्हणाली, "आन हाई पोर दवाखानामा पोचनी नही. चांदवरनी बातमी मोठी छापी, ते ठीक. पन हाई बारीक काबर?"

तिचा राग चंद्रावर नव्हता. संध्याकाळी घरी जाताना तिने वर पाहिलं आणि कौतुकाने मान हलवली. तिला राग आला होता तो अक्षरांच्या आकाराचा. ज्या बाईला अक्षर वाचता येत नव्हतं, तिला त्याचा आकार बरोबर कळायचा.

मिरचीचा हात डोळ्याला लावता येत नाही. त्यामुळे पथारीवर कुणी डोळे पुसत नाही. पाणी आलं तर वाहू द्यायचं आणि वाऱ्यावर वाळू द्यायचं. लांबच्या देशात लढाई चालली होती आणि पिठाच्या रांगेत उभ्या बाईवर गोळी चालली, हे मी वाचलं त्या दिवशी तिच्या गालावरून पाणी गेलं. ते मिरचीचं की बातमीचं, मी विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "रांगमा उभी व्हती ना ती? मंग मारनाराले रांग दिसनी नही का?" आणि पुढचा देठ तिने असा तोडला की मिरचीच फाटली.

आता मूळ गोष्ट सांगते. गावाहून पथारीपर्यंत आम्हांला मुकादमाची पिकअप आणायची. मुकादम कैलास आमच्याच भावकीतला, नात्याने पुतण्या. भागाबाईला तो मोठमाय म्हणायचा. सगळ्या बायका तो एकाच फेरीत कोंबायचा, उभ्या, एकमेकींच्या खांद्याला धरून. एके दिवशी मी वाचलं की घाटात मजुरांची गाडी उलटली. गाडीत किती माणसं होती ते पेपरात दिलं होतं. भागाबाईने तो आकडा ऐकला, हात थांबवला आणि आमच्या गाडीतल्या बायका बोटांवर मोजल्या. आमच्या जास्त भरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. ती गाडीत चढली नाही.

"दोन फेरा मार, कैलास."

"डिझेल तू टाकस का, मोठमाय?"

"मढं उचलाले बी चार जन मांगे ऱ्हावाले पाहिजेत. तू त आख्खं गाव भरी ली चालना."

बायका हसल्या. कैलास हसला नाही. "मंग पायी ये," तो म्हणाला.

"चालनी मी."

आणि ती निघाली. कापसाच्या शेतांमधला पांढरा रस्ता, त्याच्यावर तिचं ते जरा डावीकडे कललेलं चालणं, डोक्यावर भाकरीचं फडकं. सगळ्या बायका तिच्यामागे उतरल्या असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. उतरल्या पाच. मी पाचवी, आणि मीही गाडीने भोंगा वाजवल्यावर उतरले. पण सहा जागा उन्हं वर येईपर्यंत रिकाम्या राहिल्या, आणि पथारीच्या मालकाने कैलासला सगळ्यांसमोर विचारलं, बायका कुठे आहेत. दुसऱ्या दिवसापासून गाडीच्या दोन फेऱ्या झाल्या.

कैलासने त्याचा वचपा पेपरवर काढला. "आजपाईन पथारीवर पेपर दिसना नही पाहिजे. दिसना त दोन्ही जन्या घर बठा." मला त्याने मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला मिरची उलटवायला लावलं. हंगामाचे दोन महिने बाकी होते. घरी बसणं मला परवडणारं नव्हतं, तिला तर मुळीच नाही. मी तिला म्हटलं, जीजी, जाऊ दे, पेपराशिवाय कुणी मेलं नाही.

"पेपर बंद कया त्यानी," ती म्हणाली. "तोंड थोडंच बंद कयं?"

भागाबाई श्रावणात कानबाई देवीच्या उत्सवाची गाणी म्हणायची. एकही ओळ न चुकता, कागद न पाहता, जुनी माणसं कंटाळून उठेपर्यंत. हे मला माहीत होतं, पण त्याचा असा उपयोग होईल हे सुचलं नव्हतं. त्या दिवशी दिवे लागायच्या वेळी ती हात धुऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली. "वाच." मी वाचलं. "आखो एकदाव." पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा तिने वाचू दिलं नाही. डोळे मिटून ओठ हलवत बसली, जसं एखादी बाई तोंडातल्या तोंडात ओव्या जुळवते तसं.

दुसऱ्या दिवशी मी मैदानाच्या या टोकाला उभी, आणि त्या टोकावरून तिचा आवाज येत होता. देठ तुटत होते आणि तिच्या तोंडून पेपर चालला होता, पहिल्या पानापासून, कुठल्या देशात काय पडलं, दिल्लीत कोण काय म्हणालं, शहाद्याकडे बिबट्या कुणाला दिसला. हात थांबत नव्हते, कागद कुठे दिसत नव्हता. कैलास दोनदा मागून येऊन उभा राहिला. त्याला धरायला काही सापडलं नाही.

त्यातली बातमी कुठे संपते आणि भागाबाई कुठे सुरू होते, हे मात्र कळेनासं झालं. पूर्वी मी वाचायचे, मग ती बोलायची, मधे एक श्वासाची जागा असायची. आता ती जागा बुजली. पुढाऱ्याच्या भाषणातच त्याच्या घरची भाकरी आली, चंद्रावरच्या यानातून झोळी खाली सोडली गेली. मी लांबून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, हे तर मी वाचलं नव्हतं. पण ओरडून दुरुस्त करावं असं एकदाही वाटलं नाही.

हंगाम संपता संपता कैलास स्वतःच तिच्यासमोर उकिडवा बसला. "मंग मोठमाय, त्या लढाईनं काय झायं?"

"माले काय इचारस? तुन्ही बंदी शे ना, भाऊ. पेपर वाच."

त्या दिवशी बायका एवढ्या हसल्या की खोकल्याची उबळ सगळ्या मैदानावर पसरली. बंदी त्याने उठवली नाही. पुढच्या हंगामात मी पेपर घेऊन पुन्हा घोळक्यात बसले आणि तो दुसरीकडे बघत राहिला, एवढंच.

भागाबाई गेल्या आषाढात गेली. छातीने गेली. मिरचीच्या धुळीने जातात तशी, हे पेपरात आलं नाही. आलं असतं तर बारीक अक्षरात आलं असतं. मी रडत बसले नाही. तिला आवडलं नसतं, आणि आमच्या दोघींच्या मुलांच्या जेवणाची वेळ झाली होती.

यंदा मी पथारीवर वाचते आहे. एक नवी पोरगी परवा म्हणाली, "काकू, आते पेपर कोन वाचस? समदं मोबाईलमा येस." मी म्हटलं, मिरचीच्या हाताने मोबाईल धर आणि गालाला लाव. तिने मुकाट्याने एक मूठ माझ्या टोपलीत टाकली.

बातमी वाचून झाली की देठ आपोआप थांबतात. सगळ्या माझ्याकडे बघतात, आणि मी भागाबाई काय म्हणाली असती ते सांगते. मी बनवून सांगत नाही, ते मला ऐकू येतं. मात्र त्या दोन महिन्यांत त्या टोकावरून जे जे ऐकलं, त्यातलं छापलेलं कोणतं आणि तिचं कोणतं, हे आता मला सांगता येत नाही. जुने पेपर घरात फळीवर आहेत, काढून ताडून बघता येईल. मी बघणार नाही. त्या साली जगात जे घडलं, ते माझ्यापुरतं तिच्या तोंडून घडलं आहे, आणि ते तसंच राहील.