सह्यांचा व्यायाम

बोगोतातल्या त्या नोटरी कचेरीत रोज सकाळी दहा वाजता अकरा माणसे कायद्याच्या हुकुमानुसार उठत, हात उंचावत, कमरेतून वळत आणि चवड्यांवर उभी राहत. आणि हे सारे खुर्ची न सोडता. 'सक्रिय विश्रांती'चा तक्ता असलेली निळी फाइल टेबलाटेबलावरून फिरे, जो तो सही करून ती पुढे सरकवी. तीन वर्षांत त्या फाइलइतकी हालचाल कचेरीत कोणीच केली नव्हती.

एका सोमवारी लुदिविया चापार्रोने सही नाकारली. दस्त टंकून टंकून तिच्या उजव्या हाताची तीन बोटे बधिर झाली होती. दवाखान्यात गोळ्या मिळाल्या नव्हत्या. दर दोन तासांनी उठा, खांदे फिरवा, चाला, नाहीतर हात कामातून जाईल, एवढेच सांगितले होते. तिचा करार महिनाअखेरीस संपणार होता, आणि तो पुन्हा करणे न करणे मालकांच्या मर्जीवर होते.

ती उठली आणि दोन कपाटांमधल्या बोळात खांदे फिरवू लागली.

"दोन्या लुदिविया, उडायचा बेत आहे का?" समोरच्या टेबलावरचा ओतोनिएल बाईमाणसाला लावायचे आदराचे 'दोन्या' लावून म्हणाला. "खिडकी उघडू?"

"उघड. तुझी खुर्चीही जरा हवा खाईल. तीन वर्षं दबलीये बिचारी."

हशा ऐकून कचेरीचे मालक, नोटरी उर्दानेता बाहेर आले. वैद्यकाशी काडीचा संबंध नसताना सारे त्यांना 'डॉक्टर' म्हणत.

"लुदिविता," त्यांनी तिचे नाव लाडावून घेतले, "सही करायला क्षण लागतो. या कवायतीला दहा मिनिटं."

"सही हातानं करतात, डॉक्टर. तो हातच वाचवतेय."

"मग केल्याची सही तरी करा!"

"दहा खोट्या सह्यांच्या रांगेत माझी खरी नको."

"महिनाअखेर लक्षात आहे ना?"

"आहे. आणि दहा वाजलेलेही."

तीन आठवडे ती एकटीच उठत राहिली. तिचा रकाना कोरा राहिला. मग कामगार विम्याची तपासनीस बाई आली. तिने फाइल चाळली आणि एक रकाना सोडता सह्यांच्या अखंडतेने भारावून म्हणाली, "वा! जरा करून दाखवता?"

अकरा जणांनी एकमेकांकडे पाहिले. उर्दानेता मधाळ आवाजात म्हणाले, "आमच्या लुदिविता दाखवतील."

"छे, डॉक्टर! फाइल पाहा, मी तर करतच नाही. तुम्ही तीन वर्षं एक दिवस चुकला नाहीत. तुम्हीच दाखवा."

उर्दानेतांनी हात उचलले. ते खांद्यापर्यंत आले आणि समितीकडे पाठवलेल्या विधेयकासारखे तिथेच अडकले. तपासनीस बाईने फाइल मिटली आणि पिशवीत घातली.

शुक्रवारी उर्दानेतांनी पत्र स्वतः आणून लुदिवियाच्या टेबलावर ठेवले. करार पुन्हा होणार नव्हता.

"पोच म्हणून इथे सही करा."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि खुर्ची मागे सारली.

"दहा वाजलेत, डॉक्टर. दहा मिनिटं थांबावं लागेल."

ती बोळात गेली, तिने हात उंचावले. बोटांत मुंग्या आल्या. तीन आठवड्यांपूर्वी तिथे मुंग्याही येत नव्हत्या. समोर एक खुर्ची करकरली.

"दोन्या लुदिविया," ओतोनिएल कंबर धरून उभा होता, "आधी डावा की उजवा?"

"दोन्ही. आणि पोट आत घे."

उर्दानेता पत्र हातात धरून उभे राहिले. तीन वर्षांत प्रथमच ते पूर्ण दहा मिनिटे आपल्या पायांवर होते.