फसलेली चाचणी धक्क्यावर

२००९ चा ऑगस्ट. स्वाइन फ्लूच्या नावानेच पनवेलकरांची पाचावर धारण बसली होती, आणि मोऱ्याच्या कोळीवाड्यातल्या प्राचीची चाचणी नेमकी तेव्हाच तोंडघशी पडली. बाहेरून रिपोर्ट यायला चार-चार दिवस लागायचे. तो पनवेलातच संध्याकाळपर्यंत मिळावा म्हणून पोरीने प्रयोगशाळेत जिवाचं रान केलं होतं. पण ज्यांना फ्लू असल्याचं पक्कं ठाऊक, त्यांच्याही नमुन्यात काही सापडेना. डोंबलाची चाचणी!

"वाच्यता करू नकोस," प्रयोगशाळेचे प्रमुख कमलाकर सर म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. वरच्यांना कळलं तर काम काढून घेतील."

"सर, आमच्याकडे फाटलेलं जाळं धक्क्यावर पसरतात. जाता-येता कुणीतरी सुई घेऊन बसतंच."

"ही प्रयोगशाळा आहे, बंदर नाही!"

झालं, बाईसाहेब हट्टाला पेटल्या. सर जेवायला गेले आणि तिने सगळी कृती, फसलेल्या आलेखांसकट, शास्त्रज्ञांच्या खुल्या संकेतस्थळावर टाकली. 'जमत नाहीये. कुठे चुकतंय, सांगा.' खाली स्वतःचं नाव. नोकरी गेली तर गेली! दाबलंच बटण.

सकाळी सर ते संकेतस्थळ पाहून तणतणतच आले. "उद्यापासून येऊ नकोस!"

"नाही येत. पण आधी हे वाचा ना, सर!" प्राचीला आनंदाने धड बोलताही येईना. मेक्सिकोहून एका बाईंनी लिहिलं होतं : विषाणू किंचित बदललाय, त्याला हेरणारा तुमचा डीएनएचा तुकडा त्याला नीट चिकटत नाही. यंत्राचं तापमान थोडं उतरवा, म्हणजे चिकटेल.

तिने उतरवलं आणि रुग्णाचा नमुना पुन्हा लावला. दोघंही पडद्याला डोळे लावून बसले. रेघ आडवी, आडवीच... आणि सर्रकन वर!

"आई एकवीरे! सापडला!" प्राचीने टाळ्याच पिटल्या.

तेवढ्यात केरळातून आणखी एक उत्तर आलं : आम्हीही इथेच अडकलो होतो, लाजेने बोललो नाही. आता आमचीही चाचणी चालली.

सरांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

"माझी डेंग्यूची चाचणी दोन वर्षं फसतेय, प्राची. घरीसुद्धा सांगितलं नाही." त्यांनी चष्मा पुसला. "ती कुठे टाकायची, दाखव."