बाबा बसेनात

दुपारी तीन वाजता जपानातल्या सेंदाईत छान ऊन होतं आणि माझे सासरे कुठे आहेत हे मला माहीत नव्हतं.

सकाळी ते पाठपिशवी लावून दारात उभे राहिले. "येतो गं कस्तुरी, एकपर्यंत." मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करते, पण घरातून निघालेल्या माणसाला 'कुठे' म्हणून विचारू नये, काम होत नाही, हे आईनं असं डोक्यात भरलंय की जीभच रेटेना. "लांब जाताय?" एवढंच विचारलं. "डोंगरावर," म्हणाले आणि गेले. सेंदाईभोवती डोंगर काय कमी आहेत!

कशासाठी गेले ते मात्र पक्कं ठाऊक होतं. बाबा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पुण्यात फुटपाथवर त्यांना एका इटालियन लेखकाचं पुस्तक सापडलं. तोही डोंगरातला, तोही सैनिक. महायुद्धात बर्फातून माघार घेताना चालत राहिला, घरी पोचला आणि पुढे जन्मभर डोंगर, झाडं, पाखरं आणि मेलेले सोबती यांच्याबद्दल लिहीत राहिला. दर नोव्हेंबरात त्याच्या वाढदिवशी बाबा एखादा डोंगर चढतात आणि वर उभं राहून त्याची दोन पानं मोठ्यानं वाचतात. "इटलीच्या माणसाची जयंती सिंहगडावर!" असं माझा नवरा अनुप त्यांना चिडवायचा. मीही हसायचे.

सव्वातीनला उत्तरेकडचे डोंगर ढगात गेले आणि फोनवर उंच भागातल्या बर्फाचा इशारा आला. बाबांचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. अनुप टोकियोला.

स्टेशनजवळच्या पोलीस चौकीत, कोबानमध्ये, मी धावत गेले. 

"कोणता डोंगर?" पोलिसानं विचारलं.

"विचारलं नाही."

"का?"

आमच्यात विचारत नाहीत, असं मी जपानीत सांगितलं. त्याचं पेन थांबलं. मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. एकाहत्तर वर्षांचा माणूस बर्फात, आणि मी शकुन सांभाळला होता.

तो रागावला नाही. बसच्या कार्यालयात फोन करत बसला. अखेर कळलं, पाठपिशवीवाले एक भारतीय आजोबा सकाळी इझुमिगाताके डोंगराच्या शेवटच्या थांब्यावर उतरले होते. बचावपथक निघालं, मी टॅक्सीनं मागोमाग. कडेची लाल पानं हळूहळू पांढरी होत गेली. मी रामरक्षा म्हणायला घेतली आणि तिसऱ्याच श्लोकावर अडकले. पाठ असलेली रामरक्षा! अनुपला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. हात मांड्यांखाली दाबून बसले.

पुरता अंधार पडल्यावर दोन माणसं त्यांना धरून खाली घेऊन आली. वाट हरवल्यावर बाबा एका फलकाभोवती फेऱ्या घालत होते. दोन तास, घाण्याच्या बैलासारखे. बर्फात गोल पायवाट पडली होती, असं पथकातला माणूस म्हणाला.

ओठ निळे, भुवयांवर बर्फ. पथकाच्या गाडीचं दार उघडं होतं, आत हीटर चालू होता. बाबा बसेनात.

"बसा ना हो बाबा!" मला रडू फुटलं. "दोन मिनिटं तरी टेका!"

"नाही म्हणतो ना!" ते ओरडले. माझ्यावर ते कधीच ओरडले नव्हते. मग माझी बाही घट्ट धरून, दात वाजत असताना म्हणाले, "सैन्यात असताना आमच्या चौकीवर प्रताप होता. वादळातून परतताना दमला. म्हणाला, दोन मिनिटं टेकतो. मी म्हटलं, टेक. तो परत उठला नाही. त्या लेखकानं आपल्या माणसांना हलवून हलवून चालवलं, कस्तुरी. मी एकाला नाही उठवलं."

त्यांच्या डोळ्यांत माझ्यापेक्षा मोठी भीती होती. मी आधी आत शिरले आणि दोन्ही हात पुढे केले.

"मी उठवीन तुम्हाला."

"विसरशील."

"नाही विसरणार. शपथ."

बाबा बसले. शहर येईपर्यंत मी दर मिनिटाला त्यांचा खांदा हलवत होते, आणि दर वेळी ते "आहे" म्हणत होते.