आधी आवाज, मग हात

ड्रिलच्या बाई शाळेतून रिटायर झाल्या, त्यांचा आवाज काही झाला नाही. तीस वर्षं मैदानावर ‘सावधान’ ओरडून कमावलेला आवाज तो! गल्लीतली पोरं मागून त्यांना ‘भोंगा’ म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. पण घशात गाठ निघाली, ती काढावी लागली, आणि डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. कुजबुजसुद्धा नाही.

माणसांचं बाईंनी भागवलं, खुणांनी आणि वहीत लिहून. पंचाईत झाली ती परसातल्या झुबकेवाल्या कोंबड्यांची.

कोंबड्या एकूण दहा. सहा तपकिरी, एक नंबरच्या आगाऊ. उरलेल्या चौघी डोक्यावर पिसांचा हा एवढा झुबका मिरवणाऱ्या, आणि स्वभावाने अगदी गरीब. कुणीही उचलावं, मांडीवर घ्यावं. पण तो झुबका येतो डोळ्यांवर. बाई तो कातरून ठेवायच्या, तरी वरचं आणि बाजूचं त्यांना धड दिसत नसे. म्हणून बाईंचा नियम होता, आधी आवाज, मग हात. रोज सकाळी दारातूनच त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा आणि चौघी त्या आवाजामागे दाण्यांपाशी यायच्या.

आता आवाजच बंद. वरून अचानक हात आला की त्यांची पाचावर धारण बसायची. एक तर जाळीवर आपटली, आणि रक्त दिसताच तपकिऱ्या तिला टोचायला धावल्या. बाईंनी डबा वाजवून पाहिला. तपकिऱ्या तुटून पडल्या, चौघी कोपऱ्यातच. सुनेला सांगावं, तर तिचा आवाज शेजारच्या खोलीतही पोचायचा नाही. चौथ्या दिवशी एकीला उचललं तर हाताला नुसती हाडं लागली. कोपऱ्यावरचा बेकरीवाला कधीपासून त्या चौघी मागत होता. रविवारी येऊन घेऊन जा, अशी चिठ्ठी लिहून बाईंनी ती सुनेकडे दिली. सून औषधांच्या दुकानात कामाला, बोलणं मोजूनमापून. “बरं आई,” एवढंच म्हणाली.

शनिवारी गोळ्यांच्या गुंगीतून बाईंना उशिरा जाग आली, ती स्वतःच्याच आवाजाने. हात गळ्याकडे गेला. तोंड तर मिटलेलं होतं. आवाज परसातून येत होता.

“आले गं बायांनो! उठा, का आता आमंत्रणं पाठवू?”

बाई दाराआड उभ्या राहिल्या. सून उकिडवी बसली होती आणि चौघी तिच्या ओंजळीतून दाणे टिपत होत्या. तोच खर्ज, तोच ठसका. बाईंना हसू फुटणार, तेवढ्यात सून पुढे म्हणाली, “नाहीतर ती आमची सून! तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीय. हिच्यापेक्षा तुम्ही बऱ्या!”

बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. रोज सकाळी कोंबड्यांपाशी काढलेले उद्गार त्यांचेच होते. स्वयंपाकघराची खिडकी परसातच उघडते, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुनेने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी वही काढली. ‘बेकरीवाल्याला नको म्हणून कळव.’ मग त्याखाली, ‘ते सुनेचं वाक्य गाळ.’

“काल गाळून बघितलं, आई,” सून आपल्या मूळ आवाजात म्हणाली. “तिथे आल्यावर चौघी खाणं थांबवून वाट बघत बसल्या. त्यांना ते रोजचं आहे ना.”

बाईंनी वहीचं पान उलटलं. मग त्यांनी लिहिलं, ‘‘आमची सून’ नको, ‘आमची पोर’ म्हण. बाकीचं हळूहळू बदलू.’

सुनेने वाचलं. डोळे पुसत म्हणाली, “ऐकतील त्या?”

‘न ऐकायला काय झालं,’ बाईंनी लिहिलं. ‘मोठ्याने म्हण.’