काचेच्या पेटीतलं बाळ

कशेळीच्या त्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. समोर काचेची पेटी, तिच्या माथ्यावर झेंडूच्या माळा, आणि आत, कुणाचा हात न लागता, चॉकलेटचा एक चेहरा हळूहळू आकार घेत होता.

"ना हात, ना साचा!" मधुरनाथ महाराज माइकवर गरजले. "डॉक्टर नुसती सावली दाखवतो. आम्ही होणाऱ्या लेकराचे नाक-डोळे दाखवतो, तेही गोड!"

"वहिनी, तुला पन मुलगाच व्हनार बघ," शेजारी बसलेली धाकटी जाऊ चंद्रा कमळच्या कानात कुजबुजली.

चंद्राला मूल नव्हतं. मागे याच पेटीतून तिचा 'मुलगा' निघाला आणि शेलारांच्या घरात सण झाला. सासू धोंडूबाईंनी तो चेहरा फ्रिजमध्ये पाटावर मांडला, आळीभर पेढे वाटले. कमळला दोन मुली झाल्या तेव्हा याच बाईंनी चिमूटभर साखरही वाटली नव्हती. फ्रिज उघडला की ते गुबगुबीत गाल कमळच्या डोळ्यांत खुपत. एकदा तिने फ्रिजचं बटण बंदच केलं, मग घाबरून पुन्हा चालू केलं.

पण महाराजांच्या सांगण्यावरून चंद्राने डॉक्टरच्या गोळ्या सोडल्या, तेव्हा कमळने सबीहाला गाठलं. ही तिची मैत्रीण भिवंडीच्या शाळेत विज्ञान शिकवायची.

"फोटो आधी मागवतात?" सबीहाने विचारलं.

"हो, नवरा-बायकोचे. संकल्पासाठी, व्हॉट्सअ‍ॅपवर."

सबीहा हसली. "मग तू पण पाठव. फक्त नवऱ्याचा नको."

आज पेटीत घडत होता तो चेहरा त्याच फोटोंचा.

"बघ माते! नाक तुझं, कपाळ तुझ्या धन्याचं!"

कमळ उभी राहिली. "महाराज, त्यो माझा धनी न्हाय. माझा सख्खा भाऊ हाय, कुमार."

"मागच्या जन्मीचं नातं..." महाराज चाचरले, तशी मागून खसखस पिकली.

तोवर कमळसोबत आलेल्या सबीहाने गर्दीतून पुढे होऊन माळा बाजूला सारल्या. खाली एक बारीक तोटी डावी-उजवीकडे फिरत होती.

"हा थ्री-डी प्रिंटर. आमच्या शाळेत प्लास्टिकचा आहे, आता चॉकलेटचेही मिळतात. दोन फोटो कॉम्प्युटरवर मिसळून बाळाचा चेहरा करायचा आणि मशीनला द्यायचा. ही तोटी पातळ चॉकलेटचे थरावर थर देते, पंखा ते गोठवतो. आता म्हणा मंत्र."

तिने प्लग काढला. तोटी थांबली. महाराजांनी दोनदा मंत्र म्हटला, पण अर्धवट नाक काही पुढे सरकेना.

चंद्रा रडत कमळकडे वळली. "तुला बघवलं न्हाय ना, वहिनी? जळत व्हतीस तू!"

"जळत व्हते," कमळ म्हणाली. "त्या पेढ्यांपायी आजून जळते. म्हनून माझं ऐकूच नको. त्यो प्लग तिथं हाय. तूच लाव, तूच काढ."

चंद्राने डोळे पुसले आणि गर्दीतून वाट काढत पेटीपाशी गेली. प्लग लावला, दिवा पेटला, तोटी घुरघुरली. काढला, सगळं गप्प. तिने पुन्हा लावून पाहिला.

सांगणारा संत असो की जळणारी जाऊ, बाबांनो, आपल्या हाताने एवढं तपासून पाहायला कुणाची परवानगी लागत नाही.

"वहिनी," परत येऊन चंद्रा हलकेच म्हणाली, "डॉक्टरकडं येशील माझ्यासंगती?"