बाहेर गेलेल्या चेंडूचे आभार

देशादेशांच्या टेनिस स्पर्धेत कप्तानाला कोर्टावरच खुर्ची मिळते. टॉवेल द्यायचे आणि सल्ला दिल्याचा चेहरा करायचा, एवढंच काम. मला मात्र निरोप्याचंही काम होतं. दुहेरीत माझा मुलगा आणि जावई खेळत. गेल्या वर्षी दोघांच्या मधून गेलेला चेंडू दोघांनी एकमेकांसाठी सोडला, देश हरला आणि तेव्हापासून दोघांचा अबोला.

"बाबा, यांना म्हणावं जाळ्यापाशी जागे राहा."

"बाबा, त्याला म्हणावं आधी सर्व्हिस आत पाड."

दोघे हातभर अंतरावर बसलेले. मी इमानाने निरोप पोचवी.

यंदाच्या निर्णायक सामन्यात, शेवटच्या गुणाला, उंच चेंडू पुन्हा मधोमध आला. जावयाने रॅकेट उगारली.

"सोडा, दाजी!" मुलगा ओरडला.

त्याने सोडला. चेंडू रेषेबाहेर पडला. आम्ही जिंकलो, पण जावई मेव्हण्याकडेच बघत राहिला.

"बोललास की रे!"

"मग काय, हरू देऊ?" म्हणत मुलाने त्याला मिठी मारली.

मी तडक पलीकडे जाऊन तो चेंडू मारणाऱ्याचे दोन्ही हात धरले आणि मनापासून आभार मानले. बिचाऱ्याला तो टोमणा वाटला. त्याच्या कृपेने आज माझं सगळं घर एका टेबलाशी जेवणार होतं, हे त्याला कुठून कळणार?