अकरा सेकंदांची झांज

"पास," मी म्हटलं, हेडफोन काढून खुंटीला अडकवला आणि वहीत सही ठोकली.

दारात कटिंगची पोरगी उभी होती. पोरगी म्हणजे तिशी ओलांडलेली बाई आहे, पण माझ्यापुढे पोरगीच. मूळ टेपवरचं गाणं यंत्राने तबकडीवर कोरायचं, हे तिचं काम. त्यावरून साचा निघतो, साच्यातून नमुन्याच्या चार-पाच रेकॉर्ड निघतात आणि त्यांतली एक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकते. माझी सही झाली की मगच बाकीच्या छापायच्या.

"काकू, दुसरी बाजू पूर्ण ऐकलीत?"

"अर्धवट ऐकून सही करायला मी काय साहेब आहे?"

ती हसली नाही. "शेवटची झांज... बरोबर वाटली तुम्हाला?"

"अकरा सेकंद. मोजली मी. जा, जेवून घे आधी, तोंड बघ कसं झालंय."

ती गेली. एवढं चांगलं काम करून पोरीला स्वतःवर भरवसा नाही, असं मला वाटलं.

कारखान्यात मला 'कान' म्हणतात. तोंडावर काकू, पाठीमागे कान. मला दोन्ही चालतं. मधली वीस वर्षं रेकॉर्ड कोणी विचारीना, तेव्हा इथे आम्ही बादल्यांची झाकणं काढली, पुढे मी निवृत्तही झाले. मग लोकांना रेकॉर्डचं पुन्हा वेड लागलं आणि साहेब स्वतः घरी येऊन मला परत कामावर घेऊन गेले. झाकणं कोणीही तपासतं, रेकॉर्ड ऐकावी लागते.

त्यात हा अल्बम म्हणजे माझ्या घरचाच. हार्ड रॉक. पाच केसाळ पोरं, काळं कव्हर आणि असा आवाज की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, शेजारच्या खोलीतलं यंत्र मोडलं. एक्केचाळीस वर्षांपूर्वी तो इथेच निघाला. कटिंगला आमचे हे होते. तेव्हा ते 'हे' नव्हते, कोणाशी धड न बोलणारा एक तिरसट माणूस होते. शेवटच्या गाण्यात सगळा गदारोळ एकदम थांबतो आणि ड्रमवाल्याने मारलेली पितळी झांज तेवढी उरते, बारीक बारीक होत जाते. ह्यांनी ती सात सेकंदांवर कापली. मी नापास लिहिलं. हे तणतणत आले.

"एवढ्या गोंगाटानंतर तिच्याकडे कोणाचं लक्ष जाणारे?"

"माझं गेलं," मी म्हटलं.

तीनदा त्यांनी कापली, तीनदा मी नापास केली. चौथ्यांदा झांज पुरी अकरा सेकंद वाजली. आणि गाणं संपल्यावर मधल्या कागदी चकतीपर्यंत जी गुळगुळीत जागा उरते, तिथे टोच्याने कोरलेला एक एवढासा कान होता. कटिंगवाले तिथे आपली खूण करतात, ह्यांनी माझी केली. पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. त्यांना जाऊन आता सहा वर्षं होतील, पण ती रेकॉर्ड मी आठवड्यातून एकदा तरी लावतेच. म्हणून अल्बम पुन्हा निघतोय म्हटल्यावर मी साहेबांना बजावून ठेवलं होतं, ह्याच्यावर सही माझीच.

जेवणाची सुट्टी संपली तशी पोरगी परत आली. दार लावून घेतलं.

"काकू, रागावू नका. नमुन्याची दुसरी प्रत मी सकाळी ऐकली होती. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही पास म्हणालात म्हणून परत ऐकली. एकदा माझ्यासमोर लावता?"

मी रागावले. पण लावली. शेवटचं गाणं आलं. दोघींनी एकेक हेडफोन घेतला होता. गोंगाट थांबला, झांज वाजली. तिने समोरच्या मीटरकडे बोट दाखवलं. आवाज असेल तोवर त्याचे दोन काटे हलतात. ते हलले, थरथरले आणि चार सेकंदांवर शून्यावर जाऊन झोपले.

माझ्या कानात झांज वाजतच होती.

"मीटर बिघडलाय," मी म्हटलं.

तिने हळूच सुई उचलली. रेकॉर्ड नुसतीच फिरत राहिली. झांज वाजतच होती. आठ, नऊ, दहा, अकरा. मग ती जशी नेहमी संपते तशी संपली.

मी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. गेल्या महिन्यात नातीला ताप होता, तेव्हा तो सेलवरचा थर्मामीटर तिच्या काखेत धरून मी कितीतरी वेळ बसले होते. शेवटी तीच म्हणाली होती, "आजी, कधीचं वाजतंय ते!" मी सुनेला सांगितलं, सेल संपलाय. तिने बिचारीने नवा सेल घातला. आता सगळं एकदम लक्षात आलं. मला ही झांज कधीपासून ऐकू येत नव्हती, देव जाणे. घरी दर आठवड्याला मी रेकॉर्ड लावत होते आणि आठवण ऐकत होते.

"टेपची खरखर काढायला मी संगणकावर घेतली होती," पोरगी घाईघाईने सांगू लागली. "त्यात झांजेचं शेपूट गेलं. चूक माझी आहे काकू. मी आज परत कट करते, नवे नमुने येतील, तुम्ही त्याच्यावर सही करा. कोणाला कळायचं नाही."

तिचे डोळे भरले होते. माझ्यासाठी ती खोटं बोलायला तयार होती, आणि मला एक क्षण, अगदी खरं सांगते, हो म्हणावंसं वाटलं. या खोलीबाहेर मी कोण होते? एक म्हातारी, जिला घरात कोणी हाक मारली तर दोनदा मारावी लागते.

पण ह्यांना मी तीनदा नापास केलं होतं. तेही त्या वेळी काही कमी रडवेले झाले नव्हते.

मी वही ओढली, सहीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: नापास. झांज चार सेकंदांवर तुटते. दोष कटिंगवालीने पकडला, मला ऐकू आला नाही.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "काकू, माणसाकडून चूक होते एखाद्या वेळी."

"चूक नाही साहेब. कान गेला."

"मग आता?"

"मग आता ती ऐकेल. शेजारी मी बसेन, कुठे काय ऐकायचं ते सांगायला. चालेल तुम्हाला?"

साहेबांनी मान डोलावली आणि चष्मा पुसत बसले.

नवे नमुने पुढच्या आठवड्यात आले. पोरगी माझ्या खुर्चीत बसायला तयार होईना, तिला खांद्याला धरून बसवावं लागलं. हेडफोन तिच्या डोक्याला मोठा होत होता. पट्टी ह्यांनी माझ्या मापाने बसवून दिली होती. ती मी दोन घरं आत सरकवली.

"झांज वाजली की बोट वर कर. थांबेल तेव्हा खाली. आधी नाही."

मी समोर बसले आणि तळहात टेबलावर ठेवला. ड्रम लाकडातून कळत होता, तेवढं अजून शाबूत आहे. दोन्ही बाजू मी तिच्या चेहऱ्यावरून ऐकल्या. शेवटच्या गाण्याला तिच्या कपाळावर आठी पडली, मग हाताखालचं टेबल एकदम शांत झालं आणि तिचं बोट वर गेलं.

चार झाले. बोट वर होतं. सात झाले, तिने डोळे मिटले. नवाला मला राहवेना, पण नजर तिच्या बोटावरच ठेवली. अकराला बोट हळूच टेबलावर आलं.

"थांबली, काकू."

माझ्या कानात ती अजून वाजत होती. तिला मी ते सांगितलं नाही. पेनाचं टोपण काढलं, वही तिच्या बाजूला फिरवली आणि सहीची जागा दाखवली.